नवी विंडोज, जुना संगणक

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला आणि अनेकांनी घाईघाईने विंडोज 11 टाकून घेतली. आता दुकानात बिल काढता काढता संगणक अडकतो, आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होतो. लगेच फॉरमॅट मारू नका. पडदा निळा किंवा काळा होऊन बंद पडत असेल, तर त्यावरच्या स्टॉप कोडचा मोबाइलवर फोटो काढा; मेकॅनिकचं निम्मं काम तिथंच होतं. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसला, की त्या भागाचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा.

बोदवडसारख्या कापसाच्या गावात उन्हाळ्यात आणखी एक संशयित असतो: पंखा. त्यात धूळ आणि कापसाचे तंतू अडकले, की प्रोसेसर तापतो आणि दोष नव्या विंडोजच्या माथी जातो.

जुन्या विंडोजवरच अपग्रेड केलं असेल, तर साधारण दहा दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' मिळतं. विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नसलेल्या यंत्रावर मात्र आडवाटेने 11 बसवूच नये. त्यापेक्षा नोंदणी करून विंडोज 10 ची वाढीव सुरक्षा अपडेट घ्यावीत; ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहेत.