खोली हॉटेलची, समुद्र सर्वांचा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळीनंतर मुंबईची सहल काढायची आणि दोन रात्री समुद्राजवळच्या हॉटेलात राहायचं, असा विचार मंडळात चालू आहे. त्यावर चार शब्द बोलावेत असा अध्यक्षांचा आग्रह झाला. गणपतीच्या मांडवात हॉटेलावर काय बोलायचं, असं कोणाला वाटेल. पण विषय नुसता हॉटेलाचा नाही. आपण घाटमाथ्यावरची माणसं समुद्राच्या दाराशी राहायला जाणार आहोत. तिथं कसं राहायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

समुद्राचा आणि आपला संबंध किती ते बघा. बीदरला पडलेला पाऊस मांजरेत जातो, मांजरा गोदावरीला मिळते. कलबुर्गीकडचं पाणी भीमेत, भीमेचं कृष्णेत. दोन्ही नद्या पूर्वेला, बंगालच्या उपसागराला जातात. म्हणजे आपलं पाणी एका समुद्राला जातं आणि आपण मात्र पोटापाण्याला, औषधपाण्याला दुसऱ्या समुद्राकडे, मुंबईला धावतो. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानातले, नंतरच्या हैदराबाद राज्यातले. मोठं शहर म्हणजे हैदराबाद, आणि तिथला सागर म्हणजे हुसेनसागर. नावाला सागर, प्रत्यक्षात तलाव! गंमत अशी की त्याच नावाची हुसेनसागर एक्स्प्रेस कलबुर्गीला थांबते आणि सकाळी आपल्याला खऱ्या सागराच्या गावी नेऊन सोडते. बीदरकरांना लातूरमार्गे मुंबईची गाडी आहे, आणि २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी लोहमार्ग सुरू झाल्यापासून तो रस्ताही मोकळा झाला आहे.

बाहेरगावी राहण्याची आपली रीत कोणती? गाणगापूरला गेलो की पुजाऱ्यांच्या घरी किंवा धर्मशाळेत उतरायचं, पहाटे भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करायचं आणि माध्यान्हीला भिक्षा मागायची. मुंबईला गेलो की कोणा नातेवाइकाच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठजणांत नववा होऊन झोपायचं. त्या माऊल्यांचे उपकार मोठे आहेत. स्वतः बाहेर गॅलरीत झोपून त्यांनी आपल्याला आत जागा दिली. त्यामुळे पैसे देऊन खोली घ्यायची, ती नुसती समुद्र बघायला, हे आपल्या जुन्या माणसांना उधळपट्टी वाटतं. तसं वाटण्यात काही गैर नाही.

पण मुंबईच्या लॉजमध्ये राहणं ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही, हे आज या मांडवात तरी सांगायला हवं. ज्यांनी १८९३ मध्ये गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, ते लोकमान्य टिळक मुंबईला आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. सरदारगृह म्हणजे मराठी माणसाचं राहण्याजेवण्याचं ठिकाण. २४ जून १९०८ रोजी राजद्रोहाच्या खटल्यासाठी त्यांना अटक झाली ती तिथंच. पुढे मंडालेची सहा वर्षं भोगून आले, आणि १ ऑगस्ट १९२० च्या मध्यरात्रीनंतर त्यांनी देह ठेवला तोही सरदारगृहातच. भर पावसात लाखोंचा जनसमुदाय त्यांच्यामागे चालत गिरगाव चौपाटीवर गेला. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. चौपाटीच्या वाळूवरच त्यांना अग्नी दिला गेला, आणि आज तिथं त्यांचा पुतळा उभा आहे. त्यांचा अखेरचा मुक्काम लॉजच्या खोलीत झाला आणि अखेरचा निरोप समुद्राकाठी मिळाला. तेव्हा चौपाटीवर जाल तेव्हा भेळ खाण्याआधी त्या पुतळ्याला हात जोडा.

आता कामाचं बोलू. 'समुद्राजवळचं हॉटेल' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्याचे मुंबईत तीन प्रकार आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. पहिला कुलाब्याकडचा. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. त्याच्यासमोरचं गेटवे ऑफ इंडिया त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९२४ मध्ये. तिथं समोर पाणी आहे, बोटी आहेत, पण वाळू नाही. ते बंदर आहे. दुसरा प्रकार मरीन ड्राइव्हचा. साडेतीन किलोमीटरांचा तो बाक समुद्र हटवून केलेल्या भरावावर आहे. तिथल्या जुन्या इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. बसायला कठडा आहे, वारा आहे, पण पायाला पाणी लागायचं नाही. कठड्याखाली सिमेंटचे चार पायांचे ठोकळे टाकलेत, त्यांना टेट्रापॉड म्हणतात. त्यांवर शेवाळ असतं. फोटोसाठी तिथं उतरायचं नाही. तिसरा प्रकार जुहूचा. तिथं खरी वाळू, खरा किनारा. नातवंडांना किल्ला करायचा असेल तर जुहू किंवा गिरगाव चौपाटी. म्हणून खोली ठरवताना "समुद्र दिसतो का" एवढंच विचारू नका. "वाळूवर चालत जाता येतं का, किती मिनिटं लागतात, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का," असं विचारा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर खिडकीपेक्षा मोलाचं आहे.

आणखी एक. समुद्राकडच्या खिडकीचे पैसे जास्त आणि मागच्या बाजूचे कमी, हे सगळीकडे असतं. ते पैसे खिडकीचे आहेत, समुद्राचे नाहीत. भरतीची रेघ जिथं येते त्याखालची वाळू कोणत्याही हॉटेलच्या मालकीची नसते. १९९१ मध्ये केंद्र सरकारने किनारपट्टीचे नियम केले. त्यांत भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधनं आली. दाट वस्तीबाहेरच्या किनाऱ्यांवर तर दोन हॉटेलांमध्ये लोकांना समुद्रावर जायला निदान २० मीटर रुंद वाट सोडावी, असंही त्यात लिहिलं. अर्थ सरळ आहे. आत राहणारा आणि चर्नी रोड स्टेशनवर उतरून पादचारी पुलावरून चालत चौपाटीला येणारा, दोघांचाही समुद्र तेवढाच. ज्यांचं माणूस परळच्या कॅन्सर रुग्णालयात आहे आणि जे धर्मशाळेत उतरलेत, त्यांनीही संध्याकाळी तासभर तिथं जाऊन बसावं. त्याला भाडं नाही. बाकी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून रिक्षा शोधू नका. तिथं टॅक्सी किंवा बस. रिक्षा वांद्रे-शीवच्या पलीकडे, उपनगरात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हॉटेलात गेल्यावर चहा-नाश्त्याची वेळ सांगतात, खोली रिकामी करायची वेळ सांगतात. समुद्राची वेळ बहुधा कोणी सांगत नाही. ती आपल्याला काढता आली पाहिजे. आणि ती काढायला मोबाइल लागत नाही, तिथी लागते! मुंबई-कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. हा ढोबळ अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ मुंबईच्या वर्तमानपत्रात मिळते. पण भिंतीवरच्या कॅलेंडरातून बीदरला बसून मुंबईच्या समुद्राची वेळ सांगता येते, हे काय थोडं आहे?

तिथीवरून जोरही कळतो. अष्टमीच्या आसपासची भरती मवाळ, तिला भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची उधाणाची. त्या दिवसांत पाणी खूप आत येतं आणि खूप लांब जातं. अनंत चतुर्दशी पौर्णिमेला लागूनच येते, म्हणून मुंबईतलं मोठं विसर्जन नेमकं उधाणाच्या दिवसांत होतं. तिथल्या मंडळांना भरती-ओहोटीचं गणित मांडूनच मूर्ती पाण्यात न्यावी लागते. आपल्याकडे विहीर, तळं, नदी वाट बघत थांबतात. तिथं देवालाही समुद्राची वेळ पाळावी लागते.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. आपल्याला पाण्याची भीती नाही, कारण आपलं पाणी वेगळं आहे. बीदरच्या नरसिंह झरणीत आपण लेकरांना खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून देवापर्यंत जातो. ते पाणी जागचं हलत नाही. दोन्ही बाजूंना भिंत आहे, पुढे-मागे माणसं आहेत. समुद्रात कमरेएवढं पाणीसुद्धा पायाखालची वाळू ओढून नेतं. परतणाऱ्या लाटांचं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेनं जोरात आत जातं, त्यात पट्टीचा पोहणाराही किनाऱ्याकडे सरळ हात मारत राहिला तर दमतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं, ओढ सुटली की मग बाहेर यायचं. १२ जून २०२३ रोजी जुहूच्या समुद्रात चार मुलं बुडाली. ती मुंबईचीच होती, समुद्र रोजचा असणारी. मग आपण तर पाहुणे. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कितीतरी भक्तांना पाकट माशांचे डंख बसले होते.

म्हणून सहलीसाठी चार नियम सुचवतो. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही. एरवीही घोट्याच्या वर पाणी नको. लाल बावटा दिसला किंवा जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की मागे फिरायचं, वाद घालायचा नाही. आणि अंधार पडला की वाळूवर बसायचं, पाण्याकडे जायचं नाही. लेकरांचा हात मोठ्यांनी धरायचा, मोबाइल खिशात.

शेवटी एक विनंती. खोल्यांची यादी कराल तेव्हा समुद्राकडच्या खिडक्या तरुण जोडप्यांना देऊ नका. त्यांना पुढे पुष्कळ संधी आहेत. आपल्या गल्लीत अशा आज्या आहेत, ज्यांनी पन्नास वर्षं आडाचं पाणी शेंदलं, भाकरी थापल्या, पण समुद्र एकदाही पाहिला नाही. त्या स्वतःहून मागणार नाहीत. "मला काय करायचाय समुद्र," असंच म्हणतील. त्यांचं ऐकू नका. त्यांना पुढची खोली द्या, खिडकीशी खुर्ची ठेवा, आणि पहाटे भरतीच्या वेळेला उठवा. वेळ कशी काढायची ते आता तुम्हाला माहीत आहे.

 गणपती बाप्पा मोरया!