मज्जारज्जूवरील दाब
मणक्यांच्या अरुंद नळीतून उतरणारा मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. परंतु धडाच्या व हातापायांच्या हालचालीचे व स्पर्शाचे निरोप त्यातूनच जातात. त्या नळीत क्वचित गाठ उद्भवते. भोवतालचे हाड हटत नाही, म्हणून तिचा भार रज्जूलाच सोसावा लागतो. गाठ अनेकदा सावकाश वाढते. पण रक्तपुरवठा खुंटला की पाय एकाएकी लुळे पडतात.

इंग्लंडमधील एका लष्करी कप्तानास १८८४ पासून पाठीत असह्य कळा येत. अनेक डॉक्टर झाले. अखेर दोन्ही पाय गेले. विल्यम गॉवर्स यांनी केवळ लक्षणांवरून गाठीचे स्थान ताडले. ९ जून १८८७ रोजी लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले यांनी शस्त्रक्रिया केली. प्रथम गाठ दिसेना. आणखी वरचा भाग उघडताच ती सापडली. कालांतराने कप्तान पुन्हा चालू लागला.

दबलेला रज्जू मेलेला नसतो. मात्र तो फार काळ वाट पाहत नाही. आज एमआरआय यंत्राने गाठ स्पष्ट दिसते. रात्री वाढणारी पाठदुखी, पायांतील बधिरता वा दुबळेपणा, लघवी अडणे, ही लक्षणे दिसताच रुग्णाने तेल चोळीत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.