ओल्या पुस्तकांचे दोन दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



26 जुलै 2005 रोजी चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. ते ओसरल्यावर अब्बांच्या कपाटातून पुस्तक काढायला गेलो, तर एकही निघेना. सगळी पाणी पिऊन फुगली होती, एकमेकांत घट्ट अडकली होती. मराठी कादंबऱ्या, थोडी उर्दू पुस्तकं आणि अब्बांच्या हातच्या चार वह्या. अब्बा तेव्हा हयात नव्हते. तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटला. अम्मी म्हणाली, "टाकून दे रे, पोरं आजारी पडतील." मी सगळं गोणीत भरलं आणि चिखलाच्या ढिगावर टाकून आलो. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस मी; पण भिजलेल्या पुस्तकाचं काय करतात, हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाची हकिकत वाचनात आली. 28 जुलै 1997च्या रात्री फोर्ट कॉलिन्स शहरात प्रचंड पाऊस झाला. पाच माणसं दगावली. विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयाच्या तळघराची भिंत पाण्याच्या दाबानं फुटली आणि सुमारे साडेचार लाख ग्रंथ भिजले. बांधीव नियतकालिकांचे कित्येक वर्षांचे खंड त्यात होते.

तिथल्या लोकांनी पुस्तकं चक्क गोठवली. ओल्या कागदावर साधारण 48 तासांत बुरशी धरू लागते. गोठवलं की ती थांबते आणि विचार करायला उसंत मिळते. मग पुस्तकं निर्वात कक्षात ठेवतात. तिथे बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते, त्यामुळे पानं पुन्हा भिजत नाहीत. सगळीच पुस्तकं काही वाचली नाहीत. गेलेल्यांच्या जागी ठिकठिकाणच्या ग्रंथालयांनी आपल्याकडच्या प्रती पाठवल्या.

हे वाचलं आणि अब्बांच्या वह्या आठवल्या. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी असते. वहीची कोण पाठवणार? छपाईची शाई सहसा पाण्याला दाद देत नाही, फाउंटन पेनाची मात्र पसरते. कदाचित काहीच उरलं नसेल. पण मी एक पानही पाहिलं नाही, ही बोच आहे.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी पुन्हा आली. 1864 साली स्थापन झालेलं आमच्या शहराचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पुन्हा पुरात सापडलं. माझंही घर बुडालं. वीज नव्हती. या वेळी मी पुस्तकं उघडली नाहीत. मिटलेलीच ठेवून चिखल हलक्या हातानं धुतला, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधली आणि मेव्हण्याच्या टेम्पोतून हर्णै बंदराला पाठवली, त्याच्या कोलंबीच्या फ्रीझरमध्ये! मग दर आठवड्याला चार-चार आणून पंख्याखाली वाळवली. काहींची बांधणी गेली, एका कवितासंग्रहाला अजून कोलंबीचा वास येतो. पण वाचता येतात.

नदीकाठच्या प्रत्येक ग्रंथालयानं पावसाळ्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. जवळचं शीतगृह कोणतं, आणि ज्याची दुसरी प्रत जगात नाही ते कोणत्या कपाटात आहे. ते कपाट वरच्या मजल्यावर न्यावं. घरच्या वह्यांनाही हाच नियम लावा.