रक्ताचा अहवाल आणि माणसाची भाकर



मी कापड व्यापारी. कायद्याचा पंडित नव्हे. तथापि आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानी नोकरमाणसे आहेत, म्हणून हा विषय निवडला.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या दुकानातील एक विश्वासू कामगार वारंवार आजारी पडू लागला. बाजारात कुजबुज झाली. मी त्यास म्हणालो, "एच.आय.व्ही.चा अहवाल आण, मगच गादीवर बस." तो पुन्हा आलाच नाही. हिशेब चुकता केला, पण मनाची खातेवही आजही जुळत नाही.

त्यापूर्वीच, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाचा निवाडा केला होता. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी मजुरास, अन्यथा तंदुरुस्त असूनही, केवळ एच.आय.व्ही. बाधित म्हणून कामावरून वगळण्यात आले होते. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवून खटला चालविला. काम करण्यास समर्थ असलेल्या व इतरांस धोका नसलेल्या माणसास केवळ या कारणाने नोकरी नाकारणे घटनेच्या कलम १४ व २१ चा भंग ठरतो, असे सांगून तंदुरुस्त आढळल्यास त्यास परत घेण्याचा व चाळीस हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

पुढे २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. आता खाजगी मालकही या बंधनातून सुटत नाही. नोकरीसाठी चाचणीची अट घालता येत नाही. माहितीपूर्ण संमतीविना चाचणी करता येत नाही. बाधा उघड करण्याची सक्ती करता येत नाही. शंभर वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि दाद मागण्यासाठी राज्यस्तरीय लोकपालाची तरतूद आहे.

हा विषाणू एकत्र बसण्याने, कापड हाताळण्याने वा एका माठातील पाण्याने पसरत नाही. २००४ पासून शासकीय केंद्रांत औषधोपचार मोफत मिळतात; नियमित औषध घेणारा माणूस दीर्घकाळ काम करू शकतो.

पाणी गाळून पिणारे आपण. सूक्ष्म जीवासही जपतो. मग आपल्याच गादीवरील माणसाची भाकर अफवेवरून हिरावणे ही हिंसा नव्हे काय? माझी चूक आपल्या हातून न घडो, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.