प्लॅस्टिक खाणारा जंतू आणि आजाऱ्याची खाट



रसायनशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. जे थोडे उमगले ते वाचनालयाच्या बाकावर. जपानातील साकाई शहरी, बाटल्यांच्या कचऱ्यात, एक जंतू सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक, पीईटी, हे त्याचे अन्न. आपल्या टेरिलीनच्या सदऱ्याचाही धागा तोच! त्याच्या साखळीत 'एस्टर' नावाचे सांधे असतात. जंतूचे विकर, म्हणजे एन्झाइम, पाण्याच्या साह्याने नेमके तेच उसवते. २०२० साली फ्रान्समधील संशोधकांनी असेच एक विकर सुधारून, ७२ अंश उष्णतेत, १० तासांत ९० टक्के पीईटी सुटे करून दाखवले. टाळ्या वाजवाव्यात अशीच ही गोष्ट.

पण आता घरात या. वडील अंथरुणाला खिळलेले, शुश्रूषा घरीच. सलाइनची नळी आणि लघवीची पिशवी बहुधा पीव्हीसीची. सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची, डायपरचे अस्तर पॉलिथिलीनचे. या साखळ्यांत कार्बनाला कार्बन जखडलेला. एस्टरचा सांधा औषधालाही नाही. तिथे ते विकर हात टेकते.

मग हा कचरा निवडतो कोण? आमच्या सभासद भगिनी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुई बोटात शिरते तेव्हाच कळते. त्या दिवसाचा रोज बुडतो, रक्ततपासणी पदरची.

सुया जाड झाकणाच्या डब्यात घालून दवाखान्यात परत द्या; डायपर कागदात बांधून वर लाल खूण करा. एवढे आपल्याकडे मागतो. हातमोज्यांचा आमचा अर्ज नगरपालिकेत पडून आहे, त्यावर आपल्याही सह्या हव्यात. कागद दाराशी ठेवला आहे.