मंदीचा काळ आणि हेलिकॉप्टर-वैमानिकांचे शिक्षण
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चामराजपेट येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



विमानविद्येविषयी बोलण्यास बंगळूरसारखे दुसरे योग्य स्थळ नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबरात येथेच हिंदुस्थान एअरक्राफ्टचा पाया घातला. त्याच परंपरेतील कारखान्यात पुढे चेतक, चीता आणि ध्रुव ही हेलिकॉप्टरे तयार झाली. यंत्राची ही कथा आपणांस ठाऊक आहे. ते चालविणारा माणूस कसा घडतो आणि मंदी आली म्हणजे त्याचे काय होते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हेलिकॉप्टर चालविताना दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी कामात असतात. अधांतरी एका जागी स्थिर राहणे हीच शिकाऊ उमेदवाराची पहिली कसोटी. व्यावसायिक परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सामान्यतः १५० तासांचे उड्डाण लागते. मान्यताप्राप्त सलग शिक्षणक्रमात १०० तास पुरतात. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे. समुद्रातील तेलविहिरींवर माणसे पोहोचविणाऱ्या कंपन्यांना याहून कितीतरी अधिक अनुभव हवा असतो. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, असा हा पेच आहे.

अमेरिकेत यावर एक वाट निघाली. नवा वैमानिक आपल्याच शाळेत शिक्षक होतो आणि शिकविता शिकविता स्वतःचे तास वाढवितो. पण ही वाट नव्या विद्यार्थ्यांच्या शुल्कावर उभी असते. विद्यार्थी आटले की शिक्षकाचे वेतनही जाते आणि तासही जातात. २००८ च्या फेब्रुवारीत सिल्व्हर स्टेट ही तेथील मोठी शाळा एकाएकी बंद पडली. अनेकांनी कर्ज काढून शुल्क आगाऊ भरले होते. शिक्षण अर्ध्यावर राहिले. कर्ज मात्र पूर्ण उरले.

आपल्याकडे तर ही शिडीही अरुंद. नागरी हेलिकॉप्टरांवरील पुष्कळ वैमानिक सैन्यदलांतून निवृत्त होऊन येतात. सैन्याच्या नाशिक येथील शाळेत शिकणाऱ्या अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा भार सरकार उचलते. नागरी विद्यार्थ्याचा भार त्याच्या वडिलांवर पडतो. बंगळुरात एच.ए.एल.ने रोटरी विंग अकादमी काढली. कॅनडाच्या सीएई कंपनीबरोबर उभारलेले हॅट्सॉफ हे कृत्रिम उड्डाणाचे केंद्र २०१० मध्ये सुरू झाले. साधने आली, परंतु परवान्यानंतरची पहिली पायरी अजून अवघडच आहे.

आणि या धंद्याची नाडी तेलाच्या भावाशी बांधलेली आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवनहंसचे एक मुख्य काम बॉम्बे हायसारख्या तेलक्षेत्रांना सेवा देणे हेच होते. २०१४ च्या मध्यास पिंपाला शंभर डॉलरांच्या वर असलेले तेल २०१६ च्या जानेवारीत तिसांच्या खाली आले. त्या वर्षी सीएचसी, आणि २०१९ मध्ये ब्रिस्टो व पीएचआय, या जगातील बड्या हेलिकॉप्टर कंपन्यांनी दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. पाठोपाठ २०२० ची महामारी आली. अशा वेळी हजारो तासांचा अनुभवी वैमानिकही रांगेत उभा राहतो, आणि नवशिका रांगेच्या शेवटाला ढकलला जातो.

मग शाळा बंद कराव्यात काय? दुष्काळात शेतकरी पोटाला चिमटा घेतो, पण बियाण्याची कणगी फोडीत नाही. वैमानिक तयार व्हावयास वर्षे लागतात. मंदीत थांबविलेले शिक्षण तेजीत एका रात्रीत भरून निघत नाही, आणि तोवर पूरग्रस्ताला उचलून आणणारे, रुग्णाला डोंगरावरून उतरविणारे हात कमी पडतात. म्हणून कंपन्यांनी दरवर्षी थोडे तरी नवखे सहवैमानिक घ्यावेत, शाळांनी शुल्क हप्त्याहप्त्याने, झालेल्या उड्डाणापुरतेच घ्यावे, आणि सरकारने यास नियमाचे बळ द्यावे.

पालकांना एवढेच सांगेन : मुलाच्या स्वप्नास नकार देऊ नका, परंतु घर गहाण टाकण्यापूर्वी शाळेला तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी किती विद्यार्थी पूर्ण झाले? त्यांपैकी किती आज उडत आहेत? शाळा बंद पडल्यास उरलेले पैसे कोण परत देईल? उत्तर लेखी मिळाले, तरच सही करा.