न्यायासनावर कोणी बसावे?
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावर सर्वोच्च न्यायालयाचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु शेताच्या बांधाचा तंटा असो वा विधवेचा वारसाहक्क, त्यावरील अखेरचा शब्द जेथून उच्चारला जातो त्या आसनावर कोण बसतो, हा घराघराचा प्रश्न आहे.

घटनेच्या १२४ व्या कलमाने राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून नेमणुका कराव्यात असे ठरविले. सरन्यायाधीशांची संमतीच आवश्यक करावी, अशी सूचना १९४९ साली आली असता, तेही अखेर मनुष्यच, त्यांच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे, असे डॉ. आंबेडकरांनी बजावले. उलटपक्षी, १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले, तेव्हा शासनाच्या मुठीतील निवड किती घातक, हेही देशाने पाहिले. १९९३ च्या निकालाने निवडीची सूत्रे न्यायाधीशांकडेच आली. पुढे संसदेने २०१४ साली सहा सदस्यांचा आयोग निर्मिला. तो न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरविला.

आमच्या मते दोन्ही टोके त्याज्य होत. न्यायाधीशांचे बहुमत असलेला, परंतु बाहेरील निःस्पृह व्यक्तींनाही स्थान देणारा आयोग असावा. निवडीचे निकष जाहीर असावेत आणि निवडीची कारणे लेखी नोंदली जावीत. बंद दाराआड झालेली योग्य निवडदेखील संशयास पात्र ठरते.

दुसरा प्रश्न रचनेचा. १९५० साली सरन्यायाधीशांसह आठ न्यायाधीशांची तरतूद होती. २०१९ मध्ये ही संख्या ३४ करण्यात आली. तथापि गडचिरोलीच्या वा सावंतवाडीच्या पक्षकारास दिल्ली आहे तेथेच आहे. १३० व्या कलमाने अन्यत्र बसण्याची मुभा दिली आहे. घटनात्मक प्रश्न दिल्लीत ठेवून अपिलांसाठी चार प्रादेशिक पीठे स्थापावीत, अशी शिफारस विधि आयोगाने २००९ साली केली. २०२५ मध्ये कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे फिरते पीठ बसू लागले आणि दक्षिण महाराष्ट्रातील पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. हाच न्याय वरच्या पायरीस का लागू नये?

अखेरीस एक कटु गोष्ट. ‘आपल्या ज्ञातीचा एक तरी न्यायाधीश हवा’ ही इच्छा आपल्या मेळाव्यांतून ऐकू येते. ज्यांना युगानुयुगे ते दार बंद होते त्यांना ते उघडले जावे, हे न्याय्यच. पण आपला माणूस आपल्यासाठी निकाल देईल, ही आशा मनात असेल, तर न्यायासन सुधारण्याची मागणी करण्याचा अधिकार आपण गमावतो. ज्ञातीतील मुलामुलींना कायद्याच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती द्यावी आणि त्यांच्याकडून निःपक्षपातीपणाखेरीज काहीही मागू नये, एवढेच सुचवून आम्ही आपली रजा घेतो.